जुन्या कंपनीतलं काम नेमकं कुठे अडतं?

समजा, एका मोठ्या, जुन्या बँकेला आपल्या अ‍ॅपमध्ये एक छोटी सोय करायची आहे: खातेदाराला घरबसल्या नॉमिनी बदलता यावा. प्रॉडक्ट विभागाला टिपण लिहायला दोन दिवस लागले. आयटीला किती काम आहे याचा अंदाज काढायला तीन दिवस, विधी विभागाला मजकूर वाचून होकार द्यायला अर्धा दिवस, माहिती-सुरक्षेच्या तपासणीला एक दिवस, कोड लिहायला चार आणि चाचणीला दोन. सगळं मिळून साडेबारा दिवसांचं काम. पण टिपण लिहायला घेतल्यापासून सोय ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत सात महिने गेले.

हे उदाहरण मी रचलेलं आहे. तरी मोठ्या कंपनीत काही वर्षं काढलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. सात महिन्यांत कामाचे दिवस साधारण १४५ ते १५० येतात. म्हणजे शंभर दिवसांतले आठ-नऊ दिवस कोणीतरी त्या कामाला हात लावून होतं, उरलेले दिवस ते कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये, महिन्यातून एकदा बसणाऱ्या समितीच्या विषयपत्रिकेवर किंवा पुढच्या रिलीजच्या यादीत पडून होतं. विधी विभागाचा अर्धा दिवस मिळायला पाच आठवडे लागले, कारण त्यांच्याकडे आधीच बावीस कागद पडले होते.

अशा कंपनीचा प्रमुख जेव्हा म्हणतो की ‘आपल्याला अ‍ॅजाइल व्हायचंय’, म्हणजे छोट्या टप्प्यांत, चपळपणे काम करायचंय, तेव्हा बहुतेक वेळा तो माणसांचा वेग वाढवायला निघालेला असतो. प्रशिक्षणं होतात, भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या लागतात, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्यानं बैठक सुरू होते. समजा या सगळ्यामुळे कोड लिहिण्याचा वेळ निम्मा झाला. चारऐवजी दोन दिवस. सात महिन्यांतून दोन दिवस वाचले! पुणे-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांतल्या कितीतरी तरुणांचा या शब्दावरचा विश्वास उडालाय तो यामुळेच. त्यांनी स्प्रिंट, म्हणजे ठरावीक आठवड्यांचे कामाचे टप्पे पाहिले, सकाळचे स्टँडअप पाहिले. पण कामाची वाट अडवणारे नाके होते तिथेच राहिले.

म्हणून आधी हे समजून घ्यावं लागतं की काम का थांबतं. याचं उत्तर गणितात आहे, आणि ते फार अवघड नाही.

अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली एक नियम सिद्ध केला. तो सांगतो, एका कामाला सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातात असलेली एकूण कामं भागिले दर महिन्याला पूर्ण होणारी कामं. एखादा विभाग महिन्याला चार प्रकल्प संपवतो आणि त्याच्या टेबलावर चाळीस आहेत, तर एका प्रकल्पाला सरासरी दहा महिने लागणारच. माणसं कितीही हुशार असोत. तेच टेबलावर एकावेळी बाराच प्रकल्प ठेवले आणि संपवण्याचा दर तोच राहिला, तर दहाचे तीन महिने होतात. कोणी जास्त धावलेलं नाही, नवी भरती नाही, नवं सॉफ्टवेअर नाही. मात्र अठ्ठावीस प्रकल्पांना ‘तुम्ही आत्ता नाही’ असं सांगावं लागलं. जुन्या कंपनीत सगळ्यांत जड जाणारं वाक्य हेच असतं, कारण त्या प्रत्येक प्रकल्पामागे एक वरिष्ठ उभा असतो.

दुसरं गणित माणसांच्या व्यग्रतेचं. व्यवस्थापकाला वाटतं, माझा प्रत्येक माणूस शंभर टक्के कामात असला की पैसा वसूल. पण कामं अनियमितपणे येत असतील आणि ती करणारा एकच असेल, असं साधं गृहीत धरलं, तर त्याचा निम्मा वेळ भरलेला असताना रांगेत थांबावं लागतं ते सरासरी एका कामाइतकं. तो ८० टक्के व्यग्र झाला की चार कामांइतकं, ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. शेवटच्या पाच टक्क्यांनी प्रतीक्षा दुपटीहून जास्त वाढली. सुट्टीच्या शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात जे होतं तेच इथे होतं: रस्ता जवळजवळ भरला की थोड्याशा जादा गाड्यांनीही सगळी रांग रखडते. विधी, सुरक्षा, खरेदी या विभागांत माणसं मोजकी आणि मागणी सगळ्या कंपनीची, म्हणून ते कायम नव्वदीच्या पुढे असतात. त्यांना आळशी ठरवणं हा अन्याय आहे. त्यांच्याकडे रांग लागेल अशीच रचना आपण केलेली असते.

आता ही रचना मोडून दुसरी उभी करणारी एक जुनी संस्था पाहू. आयएनजी ही नेदरलँड्समधली मोठी बँक. २०१५ च्या जूनमध्ये तिनं आपल्या डच मुख्यालयातल्या सुमारे साडेतीन हजार माणसांची मांडणी बदलली. बँक तेव्हा अडचणीत नव्हती. त्या वेळचे तिथले मुख्य परिचालन अधिकारी (सीओओ) बार्ट श्लाटमान यांनी नंतर सांगितलेलं कारण असं की मोबाइलवर सगळं चटकन होण्याची सवय लागलेला ग्राहक आता बँकेची तुलना दुसऱ्या बँकेशी न करता अशा कंपन्यांशी करू लागला होता. बँकेतल्या लोकांनी स्पॉटिफाय, गूगल, नेटफ्लिक्स, ऑनलाइन बूट विकणारी झॅपोस अशा कंपन्यांकडे पाहिलं. त्यांतल्या स्पॉटिफायकडून त्यांनी रचनेचे शब्दही उचलले: स्क्वाड, ट्राइब, चॅप्टर.

स्क्वाड म्हणजे जास्तीत जास्त नऊ जणांची टीम. त्यात मार्केटिंगचा माणूस, प्रॉडक्टचा माणूस, डेटा पाहणारा, ग्राहकाचा अनुभव आखणारा, कोड लिहिणारे असे सगळे एकाच टेबलाभोवती. टीमला एक काम शेवटपर्यंत दिलेलं असतं. उदाहरणार्थ, गृहकर्जाच्या अर्जाचा अनुभव. अशा सुमारे साडेतीनशे टीम झाल्या आणि एकमेकांशी जोडलेली कामं करणाऱ्या टीम एकत्र करून त्यांचे तेरा ट्राइब. एका ट्राइबमध्ये सरासरी दीडशे माणसं. एकाच विषयाचे जाणकार वेगवेगळ्या टीममध्ये विखुरले गेले, की त्यांचं शिकणं थांबू नये म्हणून त्यांना बांधणारा चॅप्टर. चॅप्टरचा प्रमुख त्यांची कामगिरी पाहतो, पण आज कोणतं काम आधी करायचं हे तो सांगत नाही. ते टीम ठरवते.

इथे रांगेचं गणित पुन्हा आठवावं. आधी मार्केटिंगच्या माणसाचा प्रश्न आयटीच्या रांगेत जाई, आयटीचा प्रश्न प्रॉडक्टच्या रांगेत. आता प्रश्न विचारायला खुर्ची वळवावी लागते. रांगच राहिली नाही. आयएनजीच्या आयटी विभागात अ‍ॅजाइल पद्धत त्याआधीही काही वर्षं होती, तरी तिचा फायदा अर्धवट राहिला, कारण धंद्याची बाजू जुन्याच पद्धतीनं चालत होती. हा धडा आपल्याकडच्या बँका, विमा कंपन्या आणि कारखान्यांसाठी मोलाचा आहे. एकट्या आयटीला चपळ करण्यात फारसा अर्थ नाही. आयटी दोन आठवड्यांत तयार आणि मंजुरी दोन महिन्यांनी, यातून फक्त चिडचिड तयार होते.

हा बदल सोपा नव्हता, हेही सांगायला हवं. मुख्यालयातल्या सगळ्यांना आपली जागा सोडून नव्या रचनेतल्या जागेसाठी पुन्हा अर्ज करावा लागला. निवड करताना ज्ञानाइतकंच, किंबहुना जास्त, वजन काम करण्याच्या वृत्तीला दिलं गेलं, आणि त्यापायी जाणकार पण नव्या पद्धतीला न रुळणारी काही माणसं गमवावी लागली. सुमारे ४० टक्के लोक आधीपेक्षा वेगळ्या कामावर गेले. मला हा मार्ग सरसकट सुचवावासा वाटत नाही. ज्या देशात नोकरी गेलेल्या माणसाच्या मागे सामाजिक सुरक्षेची भक्कम व्यवस्था उभी असते, तिथे हे जमतं. जिथे एका पगारावर तीन पिढ्या चालतात, तिथे ‘सगळ्यांनी पुन्हा अर्ज करा’ हे वाक्य ऐकल्यावर माणसं सुधारणा ऐकतच नाहीत, फक्त कपात ऐकतात. मात्र आयएनजीची एक गोष्ट कोणीही घ्यावी अशी आहे. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला तीन आठवड्यांच्या ओळखवर्गात किमान एक पूर्ण आठवडा ग्राहकांचे फोन घ्यायला बसवलं जाई. ही कल्पना त्यांनी झॅपोसकडून घेतली. ग्राहकाचा वैताग स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या माणसाला ‘हे तातडीचं का आहे’ हे पॉवरपॉइंटमधून पटवावं लागत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट छोट्या तुकड्यांत काम करण्याची. आयएनजीत आधी सॉफ्टवेअरचे बदल वर्षातून पाच-सहा वेळा ग्राहकांपर्यंत जात. मग ते दर दोन-तीन आठवड्यांनी जाऊ लागले. जुन्या कंपन्या बदलांचे मोठे गठ्ठे का करतात? कारण एकदा बदल बाहेर सोडायचा खर्चच मोठा असतो. रात्रभर जागायचं, शंभर गोष्टी हातानं तपासायच्या, दहा जणांच्या सह्या घ्यायच्या. खर्च मोठा म्हणून वेळा कमी, वेळा कमी म्हणून गठ्ठा मोठा, आणि गठ्ठा मोठा म्हणून बिघडण्याची भीतीही मोठी. यातून सुटायचं तर ‘वारंवार सोडा’ असा हुकूम काढून भागत नाही. आधी एका वेळचा खर्च खाली आणावा लागतो.

हे सगळ्यांत चांगलं समजतं ते प्रेसशॉपमधल्या लोकांना. चाकण-भोसरीकडे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलण्याचा वेळ हा रोजचा विषय असतो. १९६९ साली टोयोटाच्या कारखान्यात १००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो यांनी तिथल्या लोकांबरोबर बसून काम दोन भागांत विभागलं: प्रेस चालू असतानाच करता येण्याजोगी तयारी, आणि प्रेस बंद असतानाच करावी लागणारी कामं. सहा महिन्यांत चार तासांचा दीड तास झाला. मग व्यवस्थापनानं तीन मिनिटांचं लक्ष्य दिलं आणि आणखी तीन महिन्यांत तेही गाठलं गेलं. डाय बदलायला चार तास लागत असतील, तर शहाणा माणूस एकदाच दहा हजार भाग काढून गोदामात भरून ठेवील. तीन मिनिटं लागत असतील, तर आज गिऱ्हाइकाला हवे तेवढेच काढेल. त्याला ‘छोट्या तुकड्यांत काम करा’ असं शिकवावंच लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये डाय बदलण्याची जागा आपोआप होणाऱ्या चाचण्या घेतात, सरकारी कंपनीत सोपी झालेली निविदा आणि विमा कंपनीत आधीच मंजूर करून ठेवलेले मजकुराचे नमुने.

अ‍ॅजाइल हा फक्त संगणकवाल्यांचा विषय आहे, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी मिळून त्याचा जाहीरनामा लिहिला, म्हणून तसं वाटतं. पण त्यातल्या स्क्रम या, छोट्या टीमनं ठरावीक टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीचं बीज १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांच्या लेखात आहे. त्यांनी पाहिलेल्या कंपन्या होत्या होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स. गाड्या, कॅमेरे आणि झेरॉक्सची यंत्रं करणाऱ्या. आरेखन, उत्पादन, विक्री यांची माणसं एकापाठोपाठ एक काम न करता सुरुवातीपासून एकत्र बसली तर वस्तू लवकर आणि चांगली होते, असं त्यांना दिसलं होतं.

आणि हे महाराष्ट्रातही घडलेलं आहे. नव्वदच्या दशकात महिंद्र अँड महिंद्र ही जीप आणि ट्रॅक्टर करणारी, रुजलेली कंपनी होती. १९९१ नंतर बाजार उघडला आणि परदेशी कंपन्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अगदी शून्यापासून स्वतःची नवी गाडी उभी करण्याचा अनुभव कंपनीकडे नव्हता. जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रातून १९९३ साली नाशिकला आलेले पवन गोएंका तिथलं संशोधन आणि विकासाचं काम पाहू लागले. पुढे स्कॉर्पिओचा प्रकल्प हाती घेतला गेला, तेव्हा सुमारे १२० जणांचा गट वेगळा काढून त्याच्या एकोणीस छोट्या टीम केल्या गेल्या. प्रत्येक टीममध्ये आरेखन, उत्पादन, खरेदी, गुणवत्ता अशा वेगवेगळ्या विभागांतली माणसं होती.

त्याहून धाडसाचा निर्णय पुरवठादारांबाबतचा होता. एरवी गाडी करणारी कंपनी प्रत्येक भागाचं ड्रॉइंग काढते आणि पुरवठादाराला ‘असं करून दे’ म्हणते. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की कागद जातो, भाव पुन्हा ठरतो, साचा पुन्हा होतो, आणि हे सगळं रांगेत. इथे पुरवठादारांना सांगितलं गेलं ते एवढंच, की या भागानं काय काम केलं पाहिजे आणि किती खर्चात बसलं पाहिजे. आरेखन, चाचणी, कच्चा माल निवडणं ही जबाबदारी त्यांची. म्हणजे निर्णय जिथे ज्ञान आहे तिथे सरकवला. इंजिनाच्या कामात ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीची मदत घेतली गेली. २० जून २००२ रोजी स्कॉर्पिओ बाजारात आली. सगळा खर्च ५५० ते ६०० कोटी रुपयांच्या घरात राहिला, आणि जगातल्या मोठ्या कंपन्या नव्या गाडीवर जे खर्च करत त्याच्या तुलनेत हा आकडा फारच लहान होता. त्या टीममध्ये कोणी ‘स्प्रिंट’ हा शब्द वापरला असेल असं मला वाटत नाही. तरी एका जुन्या कंपनीनं चपळ होणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं मराठी मुलखातलं उदाहरण माझ्यापुढे नाही.

सगळंच असं बदलायचं का? मुळीच नाही. आयएनजीनं सुद्धा शाखा, कॉल सेंटर, वित्त, जोखीम, मनुष्यबळ हे विभाग स्क्वाडच्या रचनेत घातले नव्हते. पगार वेळेवर जमा होणं, बॉयलरची तपासणी, औषधाच्या बॅचची नोंद, रोजचा ताळेबंद जुळणं, इथे ठरलेली पद्धत आणि तिचं कडक पालन हवंच. याची किंमत किती असू शकते हेही आयएनजीतच दिसतं. ग्राहकांची नीट तपासणी न केल्यामुळे आणि काळा पैसा रोखण्यातल्या त्रुटींमुळे बँकेला २०१८ च्या सप्टेंबरमध्ये डच सरकारी वकिलांशी तडजोड करून ७७.५ कोटी युरो भरावे लागले. त्या त्रुटी २०१० ते २०१६ या काळातल्या, म्हणजे बऱ्याचशा नव्या रचनेच्या आधीच्या. त्यांचा दोष स्क्वाडना देता येणार नाही. पण पुढची बाजू वेगवान करणाऱ्या प्रत्येक कंपनीनं हे लक्षात ठेवावं, की तपासणी करणाऱ्यांची ताकदही त्याच प्रमाणात वाढवावी लागते. वेग वाढवला आणि तपासणारे तितकेच ठेवले, तर एकतर त्यांच्यापाशी रांग लागते, नाहीतर ते डोळे मिटून सही करतात. दुसरं जास्त धोक्याचं.

मग सुरुवात कुठून करावी? माझं मत आहे की कंपनीभर घोषणा करूच नये. ग्राहकाला जाणवणारं, तीन-चार विभागांतून जाणारं एकच काम निवडावं आणि गेल्या वेळी ते कोणत्या तारखेला कोणाच्या हातात होतं, याचा तक्ता काढावा. हा तक्ता ईमेलच्या तारखांवरून एका दुपारी होतो. तो वरिष्ठांसमोर ठेवला की दोष माणसांचा आहे की मधल्या जागांचा, यावरचे वाद बरेच मिटतात. मग त्या कामासाठी आठ-नऊ जणांची पूर्णवेळ टीम करावी. इथे ‘पूर्णवेळ’ या अटीवर अजिबात तडजोड नको. आठवड्यातून दोन तास येणारा विधी विभागाचा माणूस म्हणजे जुनीच रांग, फक्त तिचं नाव बदललेलं. तो पूर्णवेळ मिळत नसेल, तर निदान कोणत्या मजकुराला त्याच्या सहीची गरजच नाही, हे त्याच्याकडून आधी लिहून घ्यावं. टीमला किती रुपयांपर्यंतचा निर्णय कोणालाही न विचारता घेता येईल, हा आकडाही पहिल्याच दिवशी कागदावर हवा. ‘तुम्हाला अधिकार आहेत’ एवढं म्हणून कोणाला अधिकार मिळत नाहीत.

मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांबद्दल दोन शब्द आपुलकीनं सांगायचे आहेत. बदलाला विरोध करणारे म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवण्याची पद्धत पडली आहे. पण वीस वर्षं ‘किती माणसं हाताखाली आहेत’ यावर ज्याची पत ठरली, त्याची माणसं एका सकाळी वेगवेगळ्या टीममध्ये वाटून टाकली, तर त्यानं काय करावं अशी आपली अपेक्षा असते? कुठल्या प्लांटमध्ये काय बिघडतं, कुठला पुरवठादार शब्द पाळतो, कुठला नियम कशामुळे आला, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. त्याला नवी जागा आधी दाखवावी: तरुणांना घडवणाऱ्या चॅप्टर प्रमुखाची, किंवा टीमच्या वाटेतले अडथळे वरच्या पातळीवर जाऊन सोडवणाऱ्याची. आणि त्याचं वार्षिक मूल्यमापन त्याच महिन्यात बदलावं. मूल्यमापनाचा तक्ता जुनाच राहिला, तर तो जुन्यासारखंच वागेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

राहिला पैशाचा प्रश्न, जो बहुतेक प्रशिक्षणांत येतच नाही. जुनी कंपनी मार्चमध्ये वर्षभराचे पैसे प्रकल्पांना नावानिशी वाटून टाकते. ऑगस्टमध्ये टीमला कळतं की ग्राहकाला ही सोय नको, दुसरीच हवी. पण पैसा पहिल्या नावावर अडकलेला असतो, म्हणून नको असलेली गोष्ट पूर्ण केली जाते. त्यापेक्षा पैसा टीमला द्यावा आणि दर तीन महिन्यांनी तिच्याशी बसून विचारावं. आयएनजीत प्रत्येक ट्राइब तिमाहीला लिहून देई की गेल्या तीन महिन्यांत काय साधलं, काय फसलं, त्यातून काय शिकलो, पुढच्या तीन महिन्यांत काय करणार आणि त्यासाठी दुसऱ्या कोणावर अवलंबून आहोत. वित्त विभागाच्या प्रमुखाला हे पटवणं हेच या सगळ्यातलं अवघड काम आहे, आणि ते कंपनीच्या सर्वोच्च माणसानं स्वतः करायचं असतं. त्याची पहिली पायरी म्हणून पुढच्या मार्चमध्ये एकाच टीमचे पैसे अशा रीतीनं बाजूला ठेवता आले, तरी पुरे.